आरोग्य प्रतिनिधी रवळनाथापुढे

"ह्यो नारळ खावचो काय नाय, ता आता तूच सांग."

एवढं बोलून त्या गृहस्थांनी माझ्या टेबलावर एक सोललेला नारळ ठेवला. तो गडगडत प्रूफांवर गेला आणि डिंकाच्या बाटलीला अडून थांबला. शुक्रवारचे दुपारचे तीन वाजले होते. रविवारच्या पुरवणीचं माझं पान सहाच्या आत छपाईला सोडायचं होतं आणि अर्ध्या पानाचा अजून पत्ता नव्हता.

"काका, तुम्हांला कोण हवंय?"

"आरोग्य प्रतिनिधी."

"मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू डॉक्टर?"

"नाही. बी. ए. आहे. मराठी घेऊन."

ते समोरच्या खुर्चीत बसले. "देवा रवळनाथा! दोन वरसां मी एका बी. ए.च्या सांगण्यावरना उपाशी आसंय!"

इथे मला आमच्या धंद्यातलं एक गुपित फोडायला हवं. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा सब-एडिटर होते. बातमीखाली 'आरोग्य प्रतिनिधी' असं छापून येई, पण असा कोणी माणूस ऑफिसात नव्हता. न्यूज एजन्सीची इंग्रजी कॉपी यायची. तिच्यातली पानाला शोभेलशी बातमी निवडून कोणीतरी मराठीत आणायचं. त्या कोणीतरीला आरोग्य प्रतिनिधी म्हणायचं. दर आठवड्याला मी राशिभविष्याची प्रूफंही तपासायची आणि पाककृतीही लिहायची. कर्क राशीला प्रवासयोग आणि कर्करोगाला हळद, दोन्ही माझ्याच हातून जात असत.

आणखी दोन शब्द सांगून ठेवते, पुढे लागतील. पानावरची सगळ्यांत मोठी, फोटोसकट छापलेली बातमी म्हणजे लीड. आणि पान लावताना कोपऱ्यात दोन बोटं जागा रिकामी राहिली, तर ती बुजवायला हाताला लागेल ती बारकी बातमी टाकतात, तो फिलर. वाचकाला वाटतं की पेपरवाल्यांनी महत्त्व तोलून जागा दिली असेल. आम्ही फूटपट्टीनं मोजलेलं असतं.

पाहुण्यांचं नाव बाबलो. गावात सगळे बाबलकाका म्हणत, मीही तेच म्हणू लागले. डिचोलीच्या एका खाणीवर त्यांनी तीस वर्षं शॉवेल मशीन चालवलं होतं. निवृत्तीनंतर ते पेडणे तालुक्यात, मांद्र्याच्या अलीकडे असलेल्या आपल्या गावी परतले. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. त्याच आठवड्यात माझ्या पानाचा लीड होता, 'नारळ : हृदयाचा छुपा शत्रू'. सोबत नारळाचा फोटो आणि त्यावर लाल फुली. फुलीची कल्पना माझीच होती आणि संपादकांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं.

तो लीड काकांच्या बायकोनं, शेवंतीकाकीनं, हॉस्पिटलातल्या बाकावर बसून वाचला. गावी आल्यावर ती थेट देवळात गेली आणि रवळनाथाला आंगवण बोलली. आंगवण म्हणजे नवस. माझ्या माणसाला बरं कर, घरात नारळ म्हणून फोडणार नाही.

"आणि तुम्ही बरे झालात."

"झालंय! तोच घोळ झालो!"

पुढचं वर्णन काकांनी डोळ्यांत पाणी आणून केलं. घराभोवती बावीस माड. नारळ उतरवायचे आणि दुसऱ्यांना द्यायचे. हुमण, म्हणजे आमच्याकडची माशांची आमटी, कांदा-टोमॅटोत. सोलकढीच्या नावाखाली नुसतं आमसुलाचं पाणी. चवथीला गणपतीपुढे शेंगदाण्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या.

"तरी मी रोज देवळात जातंय," ते खाली वाकून म्हणाले. "लोक म्हणतत, बाबलो देवमाणूस झालो. मी प्रसादाच्या खोबऱ्याच्या कुडक्यासाठी जातंय. देवळातलो नारळ आंगवणीत येना नाय."

मला हसू आवरेना. त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. त्याला सुक्या बांगड्यांचा वास येत होता. माझंच पान, दीड महिन्यापूर्वीचं. अगदी तळाच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. नारळाविषयीची भीती अतिरंजित असावी आणि बेतानं खाल्ल्यास हरकत नसावी, असं तज्ज्ञांचं आता मत आहे. माझाच फिलर. मला तो लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

"बाजारात सुकी नुस्ती बांदून दिल्यानी ह्या कागदात. मी धावत घराक गेलंय. बायलेक दाखवलंय. काय म्हणाली म्हायत आसा? 'छापणाऱ्यान शब्द फिरवल्यान म्हणान मी देवाक दिलेलो शब्द फिरवू?'"

मी चहा मागवला. आणि केवळ विषय बदलावा म्हणून विचारलं, "तब्येत बरी आहे ना आता? गोळ्या चालू आहेत?"

"सोडलंय."

"काय सोडलंत?"

"गोळ्यो. तीन आठवडे झाले. तुमचा काय खरा नाय. तूप वाईट, मगे तूप बरा. अंडा वाईट, मगे अंडा बरा. फाल्या गोळ्यांचाय छापशात, घेवच्यो नाय होत्यो म्हणान. त्यापेक्षा मीच आदी सोडलंय."

माझं हसू तिथेच जिरलं. बेतानं खाल्लेल्या नारळानं त्यांचं काही बिघडलं नसतं, पण हृदयाची गोळी सोडून तो माणूस माझ्यासमोर चहा फुंकत बसला होता. तिथवर त्यांना आणण्यात माझ्या पानाचा हात मोठा होता.

आमच्या पानाला अधूनमधून मदत करणारे एक हृदयरोगतज्ज्ञ होते. मी तिथल्या तिथे फोन लावला. ते म्हणाले, "नारळ थोडा चालेल. गोळी बंद केलेली अजिबात चालणार नाही. कधीही काहीही होऊ शकतं. आजच डॉक्टरकडे पाठव." मी रिसीव्हर काकांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"फोनार डॉक्टर कसो ओळखूचो? तोय बी. ए. आसलो तर?"

"काका, तुमच्या पाया पडते. गोळी घ्या."

"घेतंय. आदी नारळ सोडव."

मग खरं काम बाहेर आलं. काकीनं रागाच्या भरात म्हटलं होतं की, ज्यानं लिहिलं त्यालाच देवळात आणा आणि देवापुढे सांगू दे. तिनं ते टोमण्यानं म्हटलं. काकांनी बस पकडली.

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, उद्या मी पेडण्याला जातेय. एका वाचकाकडे."

"कशाला?"

"देवापुढे चूक कबूल करायला."

सरांनी चष्मा काढला. "शुद्धिपत्र आपण पान पाचवर देतो. गाभाऱ्यात देत नाही."

"सर, त्यांनी हार्टच्या गोळ्या सोडल्यात. आपल्यामुळे."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "जा. पण पेपरच्या वतीनं काही कबूल करू नकोस. स्वतःच्या वतीनं काय ते कर. आणि सुट्टीचा अर्ज टाक."

शनिवार माझा सुट्टीचाच वार होता. सकाळी निघाले, म्हापशाला बस बदलली आणि दहाच्या सुमाराला गावात पोचले. काका फाट्यावर उभे होते. घरी शेवंतीकाकीनं कदेल पुढे केली, म्हणजे खुर्ची, आणि पाणी दिलं. बाई काटक आणि ताठ होती. मी कोण ते कळल्यावर तिनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं की ते लगेच गुरं बघायला गेले.

ती आतून एक गठ्ठा घेऊन आली. माझी पानं. दर रविवारचा लीड कापून दोऱ्यानं शिवलेला. तूप, लोणचं, अंडं, साखर, नारळ. प्रत्येकावर माझी लाल फुली. एकही फिलर त्यात नव्हता.

"आणि ह्या कोपऱ्यातलं?" मी विचारलं.

"ता कोण वाचता? म्हत्त्वाचा आसता तर वर मोठ्यान लिवलां नसता?"

तिचं बरोबर होतं. मी गठ्ठा चाळत राहिले. काकी माझ्याशेजारी बसली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "ते थय खाटीर पडान. डॉक्टर बायलमाणसाक काय सांगी नाय. मी नुसती बाकार बसान. तुझ्या त्या पानान माका कायतरी करूक दिला गो बाय. म्हणान जपान ठेवलंय."

मला स्वतःची फार लाज वाटली. तो लीड मी चाळीस मिनिटांत केला होता, मध्ये चहा पिऊन. मूळ कॉपीत तीन ठिकाणी 'कदाचित' होतं. मथळा चार कॉलममध्ये बसेना म्हणून मी तिन्ही उडवले होते.

तेवढ्यात दाराआडून काका मला बोट ओठांवर ठेवून खुणा करू लागले. गोळ्या सोडल्याचं काकीला माहीतच नव्हतं. ती रोज सकाळी गोळी आणि पाणी हातावर ठेवायची आणि हे परसात जाऊन ती माडाच्या मुळाशी टाकायचे. मी तोंड मिटून बसले.

देवळात सदा गुरव तयारच होता. आपल्याकडे गाऱ्हाणं घालायचं म्हणजे गुरवानं सगळी हकिगत मोठ्यानं देवाला सांगायची आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून साथ द्यायची. मग प्रसाद लावायचा. देवाच्या अंगावर ठरल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

पेपरवाली आली आहे ही बातमी माझ्याआधी पोचली होती. दहा-बारा माणसं जमली होती आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं.

"गो बाय, अंड्याचा पिवळा खावचा काय नाय?"

"च्या वाईट म्हणालात, मगे च्या बरी म्हणालात. आमी मदल्या काळात सोडली ती भरून दिशात?"

"सकाळी उपाशी पोटार पाणी चार गिलास काय एक गिलास? माजो घो चार पिता आणि धा वेळा उठता!"

मी फक्त हात जोडून उभी राहिले. शेवटी सदा गुरव ओरडला, "आज नारळाचाच! अंडा देवळात काढू नकात!"

मग तो काकांकडे वळला. "बाबल्या, देवाकडे अर्धा सांगान चलना नाय. काय आसा ता सगळा सांग."

काका माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं. मग काकांनी टोपी काढली आणि खांबाकडे बघत सांगून टाकलं. गोळ्या, तीन आठवडे, माडाचं मूळ, सगळं.

काकी ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "तुमच्यासाठी मी नारळ सोडलंय. आणि तुमी माझ्या हातातली गोळी माडाक घातलास?" आणि तिला रडू फुटलं. काका इतके लहान दिसू लागले की मलाच बघवेना.

सदा गुरवानं तिला सावरू दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू आता सांगतंस नारळ चलता. ह्या शेवटचा मगो? का परत बदलतला?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळं उरकलं असतं. पण समोर देव होता आणि त्याहून कडक काकी होती.

"बदलू शकतं," मी म्हणाले. "डॉक्टर तपासत असतात. नवीन काही कळलं की सांगणं बदलतात. गोळ्यासुद्धा बदलतात. तेव्हा ते खोटं बोलत होते असं नाही. तेव्हा तेवढंच कळलं होतं."

"मगे असा आदी कित्याक लिवक नाय?" काकीनं विचारलं.

देवळात माझ्याकडून उत्तराची वाट बघत सगळे उभे होते. "मथळ्यात बसलं नाही म्हणून," मी म्हणाले. खरं तेच होतं.

कोणी हसलं नाही. गुरवानं मान हलवली, डोळे पुसणाऱ्या काकीकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवंती, नारळाची आंगवण सोडवया?"

"सोडवा," ती म्हणाली. "पण देवाक रिकामो हात कसो दाखवचो? तेच्या जाग्यार दुसरी आंगवण व्हयी. ती ह्यांची."

काकांनी मुकाट्यानं मान डोलावली. सदा गुरवानं हातात तांदूळ घेतले आणि तार स्वरात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या शेवंतीन घोवाच्या जिवासाठी नारळ सोडल्यान. पेपरात लिवलेला वाचून सोडल्यान. लिवणारा चेडू आज तुझ्या पायाकडे उभा आसा. तेचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आता ही नारळाची आंगवण सोडवन घे. तेच्या जाग्यार बाबलो गोळी घेतलो. डॉक्टर आज दिता ती घेतलो. फाल्या डॉक्टराक नवीन काय कळला आणि तेणां बदलून दिली, तर बदललेली घेतलो. आपल्या मनान सोडूचो नाय. पेपरान सांगल्यान म्हणान सोडूचो नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. 'घेतलो' म्हणजे तिकडच्या बोलीत 'घेईल'.

पंखा बंद केला. पाकळ्या लावल्या. आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत उभे. डावी किंचित सरकली आणि काकांनी माझा दंड धरला. मग ती तिथेच थांबली. काही वेळानं उजवी सुटली आणि अलगद खाली पडली. काकांनी माझा दंड सोडला आणि देवापुढे लोटांगण घातलं.

त्याच दुपारी काकीनं त्यांना पेडण्याला डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर गेले. ब्लड प्रेशर इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधून पाहिला. त्यांनी काकांना चांगलं फैलावर घेतलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वेळेवर आणलंत, म्हणाले. काकी बाहेर बाकावर बसली होती. मी डॉक्टरांना विनंती करून तिलाही आत बोलावून घेतलं आणि कुठली गोळी कशाची ते तिला समजावून सांगायला लावलं. आयुष्यात आरोग्याविषयी मी केलेलं बहुधा एवढंच धड काम.

संध्याकाळी माझ्यासाठी म्हणून नारळ फोडला. इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, हुमण होतं. काकांनी पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा कालवला. काकीनं त्यांच्या पानात बेतानंच वाढलं, दुसऱ्यांदा मागितलं तर डाव मागे नेला.

सोमवारी मी संपादकांशी भांडले. दोन गोष्टी मागितल्या. ज्या आकारात 'खाऊ नका' छापलं, त्याच आकारात 'खायला हरकत नाही' छापायचं. आणि प्रत्येक बातमीखाली एक ओळ द्यायची, 'आजवर एवढं कळलं आहे. पुढे यात बदल होऊ शकतो.' पहिली गोष्ट सरांनी कुरकुरत मान्य केली. दुसरीनं बातमीचा जोर जातो म्हणाले. मी ओळ घालायची, ते जाहिरातीसाठी जागा हवी म्हणून ती काढायचे. कधी मी जिंकायची, कधी जाहिरात. आमोण्याहून एका वाचकानं पत्र पाठवलं, 'तुम्हांलाच नक्की माहीत नाही तर छापता कशाला?' ते पत्रही मी छापलं. फिलर म्हणून नाही, वर, चौकटीत.

चार वर्षांनी एकदा ऑफिसात बाबलकाकांचा फोन आला. डॉक्टरांनी गोळी बदलली होती. पांढरी बंद, गुलाबी सुरू. शेजारपाजारचे म्हणू लागले, बघ, परत बदललं, यांचं काही खरं नाही.

"मग तुम्ही काय केलंत?" मी घाबरून विचारलं.

"मी तेंका गाऱ्हाणा म्हणान दाखवलंय," काका म्हणाले. आणि फोनवर त्यांनी ते मलाही म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "'बदलून दिली, तर बदललेली घेतलो.' असा आसा त्यात. घेतलंय गुलाबी. बरी आसा."

आरोग्याचं पान मी नऊ वर्षं चालवलं. त्यातला एकही मथळा आज कोणाला आठवत नाही, मलाही नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत वाचकानं तोंडपाठ केलेला आणि अक्षरशः पाळलेला आरोग्यसल्ला एकच, आणि तो सदा गुरवानं लिहिला. माझ्याकडे त्यातलं 'व्हय महाराजा' तेवढं होतं.